तानपुऱ्यात फरक जाणवला, पण तो कशाचा?

नाशिकहून आलेले पत्र:

"नमस्कार. वय ५९, गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झालो. चाळीसएक वर्षे गाणे ऐकतो आहे, आधी रेडिओवर, मग कॅसेटवर, मग सीडीवर. जास्त करून खयाल आणि नाट्यसंगीत. दहा बाय बाराच्या खोलीत जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे आणि शोकेसच्या कप्प्यात दोन बुकशेल्फ स्पीकर. गाणी लॅपटॉपवर असतात, तिथून यूएसबीने साडेनऊ हजारांच्या छोट्या डॅकला (डिजिटल गाणे ॲम्प्लिफायरसाठी विजेच्या सलग लहरीत बदलणारा डबा). गेल्या महिन्यात एका मित्राने त्याचा ८५ हजारांचा, आर-टू-आर जातीचा डॅक ऐकायला दिला. स्वतः येऊन माझ्या सीडी प्लेअरला ऑप्टिकल केबलने जोडून दिला आणि 'सेटिंग एनओएसवरच ठेव' असे सांगून गेला. पहिल्याच तानपुऱ्याला अंगावर काटा आला. आवाज भरीव, गोड, मागे गडद शांतता. माझ्या डॅकवर तेच गाणे कोरडे वाटते आणि मागे बारीक किणकिण ऐकू येते. सौ. म्हणते, दोन्ही सारखेच आहेत. दोन्हींच्या माहितीपत्रकांचे आणि मागच्या बाजूचे फोटो पाठवतो आहे. पुढच्या महिन्यात एक मुदत ठेव संपते. ती पुन्हा ठेवू की डॅक घेऊ?"

सप्रेम नमस्कार.

ठेव पुन्हा ठेवा, निदान आत्ता तरी. आणि मित्राचा डॅक अजून घरात असेल तर आणखी आठवडाभर मागून घ्या. तुम्ही दोन डॅक ऐकलेत असे तुम्हाला वाटते आहे, पण पत्र आणि फोटो पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की तुम्ही ऐकल्यात त्या दोन वेगळ्या मांडण्या. डॅक हा त्यांतला एक भाग होता. बाकी तीन गोष्टी त्याच वेळी बदलल्या होत्या आणि त्या तिन्ही कानाला कळतील अशा आहेत.

तुमच्या अंगावर काटा आला यावर मला तिळभरही शंका नाही. चाळीस वर्षे गाणे ऐकणाऱ्या माणसाला "तुम्हाला भास झाला" असे सांगणे मला पटत नाही, आणि इथे ते खरेही नाही. फरक होता. तो ७५ हजार रुपये जास्त दिल्यामुळे होता का, एवढेच शोधायचे आहे.

पहिली गोष्ट माहितीपत्रकातच छापलेली आहे. तुमच्या डॅकचे आरसीए आउटपुट २.० व्होल्ट, मित्राच्या डॅकचे २.३ व्होल्ट. ॲम्प्लिफायरची आवाजाची खुंटी त्याच खुणेवर ठेवलीत तर मित्राचा डॅक १.२ डेसिबलने मोठा वाजणार. गंमत अशी की एवढा फरक आपल्याला "मोठा आवाज" म्हणून कळत नाही. तो "जवळून आलेला", "भरीव", "मोकळा" असा कळतो. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली कानाची ही तऱ्हा मोजून मांडली: आवाज हळू असला की कान खालच्या स्वरांना जास्त बहिरा असतो, आणि आवाज वाढवला की खालचे स्वर बाकीच्यांपेक्षा लवकर वर येतात. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ७० हर्ट्झच्या आसपास असतो. खुंटी केसभर वाढली की आधी तोच भरतो. "भरीव" हा तुमचाच शब्द आहे.

मी स्वतः यात सापडलो आहे म्हणून एवढ्या ठामपणे लिहितो. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मला आधी स्वस्त आणि मग महाग डॅक ऐकवला. खुंटीला कोणी हात लावला नाही, आणि मला ते अगदी न्याय्य वाटले. महाग डॅक घेऊन घरी आलो. वर्षभराने एका इंजिनिअर मित्राने मीटर लावून दाखवले की माझा नवा डॅक जुन्यापेक्षा १.८ डेसिबलने मोठा वाजतो. पातळी सारखी करून त्याने मला डोळे बांधून बसवले तेव्हा वीस फेऱ्यांत अकरा वेळा मी बरोबर सांगितले. नाणे उडवून दहा वेळा आलेच असते. दुकानदाराने फसवले असे मी आजही म्हणत नाही. त्यालाही तो फरक डॅकचाच वाटत होता.

दुसरी गोष्ट किणकिण. तुमचा डॅक लॅपटॉपला यूएसबीने जोडलेला आहे, मित्राचा सीडी प्लेअरला ऑप्टिकलने. यूएसबीच्या तारेतून डेटा जातो, वीज जाते आणि लॅपटॉपची जमीनही, म्हणजे ग्राउंड, ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडला जोडली जाते. चार्जर भिंतीत लावलेला असेल तर त्याच्या आतल्या वेगवान सर्किटचा कचरा याच वाटेने ॲम्प्लिफायरपर्यंत पोचतो आणि स्पीकरमधून किणकिण किंवा शिट्टीसारखा ऐकू येतो. आज रात्री एवढेच करा: गाणे थांबवा, खुंटी नेहमीच्या जागी ठेवा, कान स्पीकरजवळ न्या आणि चार्जर काढा. किणकिण गेली तर चोर सापडला. मग लॅपटॉप बॅटरीवर चालवून ऐका, किंवा तुमच्या डॅकच्या मागे यूएसबीशेजारी जे छोटे चौकोनी झडपेचे छिद्र फोटोत दिसते आहे, त्यात सीडी प्लेअरकडून ऑप्टिकल केबल लावा. तोशिबा कंपनीने १९८३ साली सीडी प्लेअरसाठी आणलेली ही जोडणी. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, दोन यंत्रांमध्ये विजेचा संबंधच उरत नाही. मित्राच्या डॅकमागची "गडद शांतता" बहुतेक या केबलची होती, आणि ती केबल तुमच्या डॅकलाही बसते. नुसती किणकिण घालवायला मित्राच्या डॅकएवढा खर्च करणे म्हणजे नळाचा वायसर बदलायचा सोडून न्हाणीघर नवे बांधण्यासारखे आहे.

याच मुद्द्याला जोडून: लॅपटॉपवरची फाइल आणि सीडी एकच आहे ना, तेही पाहा. ॲपवरून ऐकत असाल तर बहुतेक ॲपमध्ये सगळी गाणी एका पातळीवर आणण्याची सोय असते आणि ती पुष्कळदा आधीच चालू असते. तिच्यामुळेही आवाज खाली येतो. विंडोजच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये "एन्हान्समेंट" नावाचे खाते असते, तेही बंद करा. शिवाय तिथे ४८ हजार हर्ट्झ निवडलेले असेल तर सीडीवरून उतरवलेली ४४.१ हजारांची फाइल वाटेत बदलून जाते. हा बदल कानाला क्वचितच कळतो, पण तुलना करताना एक शंका कमी झालेली बरी.

तिसरी गोष्ट सर्वात रंजक, म्हणून तिच्यापाशी थोडा वेळ बसू.

सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० मापे असतात. डॅकचे काम ती मापे पुन्हा सलग लहरीत आणायचे. नुसती मापे धरून ठेवली तर लहर पायऱ्यापायऱ्यांची होते, आणि त्या पायऱ्यांमुळे मूळ गाण्यात नसलेले काही आवाज २२ हजार हर्ट्झच्या वर तयार होतात. एरवीचे डॅक आधी मधली मापे गणिताने भरतात (यालाच ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात) आणि मग गाळणीने तो वरचा गाळ काढून टाकतात. एनओएस म्हणजे नॉन-ओव्हरसॅम्पलिंग. तिथे ही मधली पायरी वगळलेली असते. याचा एक परिणाम कागदावर सहज काढता येतो: वरची पट्टी खाली झुकते. वेगळी भरपाई केलेली नसेल तर १० हजार हर्ट्झला सुमारे पाऊण डेसिबल आणि २० हजारांना तीन डेसिबलहून थोडे जास्त. २० हजारांचे सोडून द्या. साठीच्या उंबरठ्यावर बहुतेकांना १२-१३ हजारांच्या वरचे फारसे ऐकू येत नाही, माझेही तसेच आहे. पण ८ ते १२ हजारांच्या टापूत जवारीची झिणझिण, स, श यांची धार, झांजेचा शेवट असे पुष्कळ काही असते. तिथे अर्धा ते एक डेसिबल कमी झाले की आवाज मऊ लागतो. तुम्ही त्याला "गोड" म्हणालात. हा फरक खरा असू शकतो. मात्र मित्राच्या डॅकने गाण्यातले काही जास्त बाहेर काढले असा त्याचा अर्थ नाही. त्याने वरचे थोडे कमी केले. तुमच्या जुन्या ॲम्प्लिफायरला ट्रेबलची खुंटी असेल तर ती किंचित डावीकडे वळवून पाहा, बराचसा गोडवा तिथेच सापडेल.

आर-टू-आर हे नाव रेझिस्टरच्या शिडीवरून आले. १६ बिटांच्या शिडीत सर्वात लहान पायरी ही पूर्ण आवाजाचा ६५,५३६वा भाग असते, आणि सर्वात वरचा रेझिस्टर एकटा निम्मा भार उचलतो. त्यात ०.०१ टक्क्याची चूक झाली तरी ती सर्वात लहान पायरीपेक्षा मोठी भरते. म्हणून असे डॅक बनवताना रेझिस्टर निवडून घ्यावे लागतात किंवा चुकांची दुरुस्ती आत बसवावी लागते. ८५ हजारांत या मेहनतीचाही वाटा आहे. मला त्या कारागिरीबद्दल आदर आहे. पण तुमच्या डॅकमधली बोटाच्या नखाएवढी चिप तेच काम वेगळ्या पद्धतीने करते, आणि मोजून पाहिले तर पुष्कळदा अधिक अचूक करते.

"डॅक-डॅकमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो" हे आपण ऐकत आलो, त्यामागे एक खरा काळ आहे. सोनीने १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीला आणला तेव्हा त्यात डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलना मिळून एकच डॅक होता, तो आळीपाळीने दोघांचे काम करी. फिलिप्सने १४ बिटांची चिप घेतली आणि ओव्हरसॅम्पलिंगच्या जोरावर तिच्यातून १६ बिटांचे काम काढले. त्या काळात यंत्रायंत्रांत फरक होते आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ होता. आज साध्या डॅकचा स्वतःचा दोष मूळ आवाजापेक्षा १०० डेसिबलच्या आसपास खाली असतो. म्हणजे मूळ आवाजाचा एक लाखावा भाग. वाद मात्र त्याच त्वेषाने चालू राहिले आहेत. जपानमधल्या नोबेओका इथला एकेएम कंपनीचा चिपचा कारखाना ऑक्टोबर २०२० मध्ये जळाला आणि अनेक डॅक कंपन्यांना ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिपकडे वळावे लागले, तेव्हा "मऊ" एकेएम गेली, "तिखट" ईएसएस आली म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटले. कोणता स्वर किती मोठा वाजतो याचा दोन्हींचा आलेख ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्टीत जवळजवळ सरळ रेषेचा असतो. तिखटपणा दिसायला रेषेत कुठे तरी उंचवटा हवा.

आता चाचणी. ही नीट करा, कारण तुमच्या ७५ हजारांचा निर्णय तिच्यावर आहे आणि तिचा खर्च दोन हजारांच्या आत बसतो.

सीडी प्लेअरच्या ऑप्टिकल आउटपुटला एक छोटा स्प्लिटर लावा आणि दोन केबलनी दोन्ही डॅक जोडा. एका डॅकच्या आरसीए तारा ॲम्प्लिफायरच्या सीडी इनपुटला, दुसऱ्याच्या ऑक्सला. आता एकच सीडी दोन्ही डॅकमधून एकाच क्षणी वाजेल आणि सिलेक्टर फिरवला की पाव सेकंदात एकाकडून दुसऱ्याकडे जाता येईल. हा वेग फार महत्त्वाचा आहे. बारीक नादाची आठवण कानात काही सेकंदच टिकते. तार काढून, दुसरी लावून, खुर्चीत परत येऊन बसेपर्यंत आपण आठवणीला शब्दांनी सजवायला लागलेलो असतो.

मग पातळी. ऑडासिटी हा मोफत प्रोग्राम लॅपटॉपवर घ्या, त्यात २०० हर्ट्झचा एकसुरी आवाज तयार करा आणि सीडीवर लिहा. तो वाजवत स्पीकरच्या मागच्या लाल-काळ्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. खुंटी हळूच ठेवा आणि मीटरच्या दोन सुया एकमेकींना टेकू देऊ नका, ॲम्प्लिफायर जळू शकतो. मीटर घेताना बघा: दोन-तीनशे रुपयांच्या पिवळ्या मीटरवर एसीचे सर्वात लहान माप बहुधा २०० व्होल्टचे असते, त्यावर आपले काम होत नाही. आपोआप रेंज बदलणारा, एसीचा व्होल्ट तीन दशांशांपर्यंत दाखवणारा मीटर हवा. तुमच्या डॅकवर १ व्होल्ट दिसेल अशी खुंटी लावा, तिला पुन्हा हात लावू नका, आणि मित्राच्या डॅकवर जा. तिथे १.१५च्या जवळपास दिसेल. फोटोत त्याला अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनी आवाज कमी करण्याची सोय दिसते आहे. दोन पायऱ्या उतरलात तर साधारण १.०२, तीन उतरलात तर ०.९७. आदर्श म्हणजे एक टक्क्याच्या आत यायला हवे, आणि तेवढे जमत नाही. म्हणून निम्म्या फेऱ्या दोन पायऱ्यांवर घ्या आणि निम्म्या तीनवर. म्हणजे मित्राचा डॅक निम्म्या वेळा कणभर मोठा असेल, निम्म्या वेळा कणभर लहान. पातळीवरून ओळखत असाल तर निम्म्या फेऱ्यांत फसाल. खरोखर नादावरून ओळखत असाल तर दोन्हीकडे ओळखाल.

यानंतर वहिनींची मदत लागेल. ॲम्प्लिफायरवर टॉवेल टाका. वहिनींनी आधी "हा अ", "हा ब" असे सांगून दोन्ही ऐकवायचे, मग नाणे उडवून त्यांपैकी एक लावायचा, आणि तुम्ही तो अ की ब हे कागदावर लिहायचे. त्यांनी त्यांच्या कागदावर नाण्याचा कौल लिहायचा आणि सगळे संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बरोबर-चूक तर नाहीच नाही. सिलेक्टरच्या खटक्यावरून अंदाज येतो, म्हणून दर वेळी तो मध्ये ट्यूनरवर नेऊन मग हवा तिथे आणायचा. अशा सोळा फेऱ्या, आठ आज आणि आठ उद्या. दमलेला कान काहीही सांगतो. सोळात बारा किंवा अधिक बरोबर आल्या तर मी मानेन, कारण नुसत्या नशिबाने तेवढ्या येण्याची शक्यता शंभरात चारहून कमी आहे. दहाच फेऱ्या करून "सात आल्या" असे म्हणू नका. नाणे उडवूनसुद्धा दहात सात किंवा अधिक, सहा खेळांतून एकदा तरी येतात.

तुकडे दहा-पंधरा सेकंदांचे निवडा. एक नुसत्या तानपुऱ्याचा, गवई षड्ज लावण्याआधीचा. एक तबल्याच्या थापेचा. एक ठेहराव असलेल्या मोठ्या स्वराचा, शक्यतो बाईच्या गळ्यातला. आणि एक अगदी शेवटचा, टाळ्यांआधी नाद विरत जातो तो. जुन्या ७८च्या तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदे या कामाला घेऊ नका, ती कितीही आवडती असली तरी. लाखेच्या तबकडीची खरखर कुठल्याही डॅकच्या आवाजापेक्षा कितीतरी वर असते. ती पदे तुमच्या छोट्या डॅकवरही तबकडीत जेवढे आहे तेवढे सगळे देतात, हे समाधान मनापासून बाळगा.

पहिल्या सोळा फेऱ्या एनओएस बंद करून घ्या. त्या संपल्यावर आणखी सोळा, एनओएस चालू करून. पहिल्यात नापास आणि दुसऱ्यात पास झालात तर तुम्ही डॅक ओळखला नाहीत, गाळणी ओळखलीत. माझा अंदाज याच बाजूचा आहे.

अशा चाचण्या मोठ्या प्रमाणावर झाल्या आहेत. मेयर आणि मोरन या दोघांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वरच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगच्या वाटेत सीडीच्या दर्जाचे रूपांतर घातले आणि ते ओळखता येते का हे पाहिले. ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे निम्मी. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी अठरा प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा बरोबर उत्तरे ५२.३ टक्के निघाली, आणि आधी सराव दिलेल्या श्रोत्यांत ती वाढली. हे प्रयोग फाइलच्या दर्जाबद्दल होते, डॅकबद्दल नव्हते. तरी फरक कोणत्या आकाराचा असतो याची कल्पना त्यावरून येते. तो असलाच तर कान टवकारून शोधावा लागतो. दाराशी चपला काढतानाच ऐकू यावा असा तो नसतो, आणि तुम्ही वर्णन केलेला फरक मात्र तसा होता. म्हणूनच मी व्होल्ट, केबल आणि एनओएसकडे आधी वळलो.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारले नाहीत पण पत्रात एका वाक्यात सांगून गेलात, त्याबद्दल. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात आहेत. चांगल्यापैकी स्पीकरचा स्वतःचा दोष खालच्या स्वरांत एक टक्क्याच्या घरात सहज जातो, म्हणजे डॅकच्या दोषाच्या हजारेक पट. आणि स्पीकरपेक्षाही जास्त बोलते ती खोली. दहा फूट अंतराच्या दोन समोरासमोरच्या भिंती ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर पकडून धरतात, बारा फुटांच्या ४७च्या आसपासचा. त्या स्वरांना भिंतीजवळ मोठा फुगवटा आणि खोलीच्या मधोमध मोठा खड्डा मिळतो. कप्प्याची लाकडी पेटी वर स्वतःचा घुमारा घालते, तो गवयाच्या छातीतल्या आवाजाच्या टापूत येतो. आणि फरशी, काच, रंगवलेली भिंत या सगळ्यांवरून वरचे स्वर टणकन परत येतात. तुमच्या "कोरडे" या शब्दामागे मला ही फरशी दिसते.

एका रविवारी स्पीकर कप्प्यातून बाहेर काढा. घरातले दोन उंच स्टूल घ्या, शिडशिडीत नकोत, जड हवेत. स्पीकरमधला छोटा शंकू बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे पाहा, मागची भिंत दीड-दोन फूट सोडा, दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा साधारण समभुज त्रिकोण करा. खुर्ची मागच्या भिंतीला चिकटलेली असेल तर दोन फूट पुढे घ्या. समोर फरशीवर सतरंजी टाका, तिच्यावर जाड गोधडी आणखी बरी. शेजारच्या खिडकीचा पडदा ओढा. पंखा एकवर आणा, जमल्यास बंद करा: छताचा पंखा पूर्ण वेगाने फिरत असताना तो जेवढा आवाज करतो, त्याच्या खाली तानपुऱ्याचे विरणे दबून जाते आणि मग चांगल्या डॅकची शांतता ऐकायची कुठून? एवढे करून तोच तानपुरा लावा. एक रुपयाही खर्च झालेला नसेल. आवडले तर स्टुलांच्या जागी चांगले जड स्टँड घ्या, पाच ते दहा हजारांत होतात. उरलेल्या पैशांत कधी स्पीकर बदलावेसे वाटले तर मला पुन्हा लिहा, त्या खर्चाच्या बाजूने मी मनापासून उभा राहीन.

आणि चाचणीत तुम्ही बारा, तेरा, चौदा मिळवलेत, तेही एनओएस बंद असताना आणि दोन्ही पायऱ्यांवर? मग माझे सगळे अंदाज बाजूला ठेवा. तुमच्या कानाला तुमच्या खोलीत जे ऐकू आले ते माझ्या कागदी हिशेबापेक्षा मोठे आहे. तेव्हा मित्राला विचारा की तो विकणार आहे का, कारण वापरलेला डॅक पुष्कळ स्वस्तात मिळतो आणि त्यात झिजणारे फारसे काही नसते. चाचणीत नापास झालात आणि तरीही त्या यंत्राचे जाड ॲल्युमिनियम, त्याची खुंटी, रात्री लुकलुकणारा त्याचा लहानसा दिवा मनातून जात नसेल, तर तेही घेण्याचे कारण असू शकते. माणसे घड्याळे घेतातच की. फक्त वहिनींना तसेच सांगा, "मला हे यंत्र आवडले आहे" असे. नादासाठी ठेवीचे पैसे घालतो आहे असे सांगू नका.

सोळा फेऱ्या वहिनींनाही द्या, खुर्चीत त्यांना बसवा आणि सिलेक्टर तुम्ही फिरवा. "दोन्ही सारखेच" हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, तेव्हा त्यांना किंमत माहीत होती का, कोणता डॅक चालू आहे हे तरी माहीत होते का? नसेल, तर तुमच्या घरातली पहिली डोळे झाकून केलेली चाचणी त्यांनीच दिली आहे. दोघांचे कागद, बरोबर-चुकीच्या खुणांसकट, मला पाठवा. चार्जर काढल्यावर किणकिण गेली की नाही, तेही त्याच पत्रात लिहा.